पदवीचा कागद वाचायला शिका: घरातल्या पहिल्या पदवीधरासाठी

जून लागला, प्रवेश सुरू झाले की आमच्या खिडकीपुढे छत्र्यांची रांग लागायची. मुलाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत बारावीची गुणपत्रिका, मागे पेरणी अर्धी टाकून आलेला बाप, आणि बापाचा ठरलेला प्रश्न: "साहेबानू, ह्या केल्यार नोकरी गावतली मा?" म्हणजे हे केल्यावर नोकरी मिळेल ना?

सिंधुदुर्गातल्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी 32 वर्षं काढली, शेवटची काही हेडक्लार्क म्हणून. या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला अर्धा तास लागतो आणि रांगेत मागे चाळीस माणसं असतात. मग "करू दे हो, फुकट नाही जायचं" म्हणून मी फॉर्मवर शिक्का मारायचो. तो राहिलेला अर्धा तास आता इथे देतोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. दहावी-बारावी पास होणं ही आपली अडचण नाही. 2012 साली रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं कोकण मंडळ वेगळं झालं, तेव्हापासून निकालात राज्यात पहिलं यायची त्याला सवयच लागली आहे. पेपरात "कोकण अव्वल" छापून येतं, पेढे वाटले जातात आणि दुसऱ्या दिवशी मुंबईच्या काकांचा फोन येतो: "बी.कॉम. कर आणि मुंबईक ये, मगे बघू." त्या "मगे बघू"मध्ये कितीतरी पोरांची तीन वर्षं गेलेली मी पाहिली आहेत.

पहिली पायरी: कोणाची तरी पदवी हातात घेऊन बघा

वाडीत कोणी ना कोणी पदवीधर असतोच. त्याला म्हणा, जरा कपाटातून काढून दाखव. गुणपत्रिका नको, पदवी प्रमाणपत्रच. सगळ्यात वर विद्यापीठाचं नाव असतं. खाली विद्यार्थ्याचं नाव, पदवीचं नाव, विषय, श्रेणी, परीक्षेचा महिना आणि साल, कुलगुरूंची सही. ज्या कॉलेजात तीन वर्षं घालवली त्याचं नाव असलंच तर कुठेतरी बारीक अक्षरात.

पुष्कळ पालकांना हे पाहून धक्का बसतो. कॉलेज शिकवतं, पदवी विद्यापीठ देतं. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघालं, तेव्हा ते स्वतः शिकवतच नसे. परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, एवढंच त्याचं काम. 1862 मध्ये तिथून पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि आपल्या मालवणात जन्मलेले रामकृष्ण गोपाळ भांडारकरही होते. पुढे विद्यापीठ शिकवूही लागलं, पण संलग्न कॉलेजांच्या बाबतीत ही वाटणी अजून तशीच आहे. सावंतवाडीतून बी.ए. करा, चिपळूणमधून करा की दादरमधून, मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजातून केलीत तर कागद मुंबई विद्यापीठाचाच. म्हणून "गावच्या कॉलेजची डिग्री चालते का?" हा प्रश्न मुळातच चुकलेला आहे. कॉलेजात शिक्षक किती, प्रयोगशाळा चालू आहे की नुसती कुलूपबंद, हे जरूर विचारा. कागदाची किंमत मात्र त्याने बदलत नाही.

आता याची उलट बाजू. 1956 च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याच्या कलम 22 प्रमाणे पदवी देण्याचा अधिकार फक्त कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. बाजारपेठेत दुसऱ्या मजल्यावर "एका वर्षात ग्रॅज्युएट व्हा" अशी पाटी दिसली तर जिना चढण्याआधी एकच विचारायचं: कागदावर वर नाव कोणाचं येणार? ते नाव आयोगाच्या संकेतस्थळावर शोधायचं. तिथे बोगस विद्यापीठांची यादीही असते. दहा मिनिटांचं काम आहे. टेकडीवर रेंज येत असेल तर टेकडीवर जाऊन करा, पण करा.

दुसरी पायरी: पदवी, पदविका आणि परवाना

पदवी आणि पदविका यांत एका अक्षराचा फरक, आणि त्या अक्षराने घरोघरी घोळ घातलाय. पदविका म्हणजे डिप्लोमा. मालवणच्या किंवा रत्नागिरीच्या शासकीय तंत्रनिकेतनात दहावीनंतर तीन वर्षांची होते ती पदविका. ती वाईट मुळीच नाही. हाताला काम लवकर मिळतं आणि पुढे इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. पण जाहिरातीत "पदवीधर" लिहिलं असेल तर पदविकेवर अर्ज बाद होतो, आणि तो बाद का झाला हे विचारायला मग पोरं माझ्याकडे यायची.

याहून महत्त्वाचा फरक खुद्द पदव्यांमध्येच आहे, आणि तो कोणी नीट सांगत नाही. काही पदव्यांनंतर एखादा विशिष्ट व्यवसाय करायचा परवाना मिळतो. एम.बी.बी.एस. झालेला वैद्यकीय परिषदेत नोंदणी करतो, बी.फार्म.वाला औषधशास्त्र परिषदेत, एल.एल.बी.वाला वकिलांच्या परिषदेत सनद घेतो. कागद, मग नोंदणी, मग धंदा. बी.ए., बी.कॉम., साध्या बी.एस्सी.ला असा परवाना नसतो. इतिहासाच्या बी.ए.ला कोणी "इतिहासकार" म्हणून नोंदवून घेत नाही. या पदव्या सांगतात एवढंच की हा माणूस शिक्षणाच्या अमुक पायरीपर्यंत चढला, अमुक विषय त्याने मुख्य म्हणून घेतला आणि विद्यापीठाने तो तपासला.

आमच्याकडे बापाचा प्रश्न परवान्याचा असतो आणि पोराच्या हातात पायरीचा कागद असतो. सगळी निराशा इथून सुरू होते. पायरीच्या कागदाने बरीच दारं उघडतात, पण आत जायला पुढची परीक्षा द्यावी लागते हे घरात पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

मधल्या जातीच्या पदव्याही आहेत, आणि त्या आपल्या उंबऱ्याशी आहेत. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे. त्याच्याच अखत्यारीत रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ 1989 पासून. कृषी आणि मत्स्यशास्त्र चार वर्षांचं, विषय थेट कामाला जोडलेला. दर्यावर तीन पिढ्या गेलेल्या घरातला मुलगा मत्स्यशास्त्राकडे बघतही नाही आणि ठाण्यात बी.कॉम. करायला जातो, याचं मला नेहमीच आश्चर्य वाटत आलंय. कदाचित जाळ्यापासून लांब जाणं हाच त्याचा हेतू असेल. तसं असेल तर तेही ठीक, पण मग तसं घरी सांगून जावं.

तिसरी पायरी: जाहिरात आधी, कॉलेज नंतर

प्रवेशाचा फॉर्म भरण्याआधी एका संध्याकाळी बसून तुम्हाला हव्याशा वाटणाऱ्या चार-पाच नोकऱ्यांच्या जुन्या जाहिराती उघडा आणि "शैक्षणिक अर्हता" हा रकाना वाचा. बाकी काही वाचू नका.

पोलीस शिपायाला बारावी पुरते. ग्रामीण डाक सेवकाला दहावी, आणि निवडही दहावीच्या गुणांवरच. म्हणजे या दोन कामांसाठी पदवीची अट नाही. तलाठ्याला कोणत्याही शाखेची पदवी चालते. बँकांच्या लिपिक आणि अधिकारी भरतीलाही तसंच. यूपीएससीच्या नागरी सेवेला कोणत्याही विषयाची पदवी, आणि शेवटच्या वर्षाला असलात तरी पूर्वपरीक्षेला बसता येतं. एमपीएससीच्या कृषी सेवेला मात्र साधी बी.ए. चालत नाही, तिथे कृषीची किंवा तिच्याशी जोडलेली पदवी लागते. माध्यमिक शाळेत शिक्षक व्हायचं तर पदवीनंतर दोन वर्षांचं बी.एड. वकील व्हायचं तर पदवीनंतर तीन वर्षं, किंवा बारावीनंतर थेट पाच.

हे वाचून झालं की दोन गठ्ठे पडतात. पहिल्या गठ्ठ्यात "कोणतीही पदवी" म्हणणारी कामं. तिथे विषय कोणता याला भरतीवाल्यांच्या लेखी किंमत नाही, म्हणून ज्यात गोडी आहे आणि ज्यात गुण पडतील तो विषय घ्या. दुसऱ्या गठ्ठ्यात "अमुक विषयाचीच पदवी" म्हणणारी कामं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून लोटे परशुरामच्या एखाद्या कारखान्यात जायचं असेल तर बी.एस्सी.ला रसायनशास्त्र मुख्य हवंच, नंतर जोडता येत नाही. तुमचं मन कोणत्या गठ्ठ्याकडे आहे ते कळेपर्यंत फॉर्मवर सही करू नका. अंतिम तारीख उद्या असेल तर आज रात्री बसा.

चौथी पायरी: श्रेयांकांचा हिशेब

आमच्या वेळी एफ.वाय., एस.वाय., टी.वाय. आणि संपलं. नव्या शैक्षणिक धोरणाने हा हिशेब बदलला, आणि 2024-25 पासून तो संलग्न कॉलेजांतही आला. नव्या मुलांना आणि खरं सांगायचं तर जुन्या कारकुनांनाही तो पचायला वेळ लागतोय.

आता पदवी श्रेयांकांत मोजली जाते. इंग्रजी शब्द क्रेडिट, सगळे तोच वापरतात. एक क्रेडिट म्हणजे सत्रात साधारण 15 तास वर्गातलं शिकणं. प्रात्यक्षिक असेल तर 30 तास. मुंबई विद्यापीठात सत्राला 22 क्रेडिट धरली तर सहा सत्रांत 132 होतात, ती तीन वर्षांची पदवी. आठ सत्रांत 176, ती चार वर्षांची ऑनर्स. चौथं वर्ष केलंत तर पुढची एम.ए., एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. चौथ्या वर्षी संशोधन करायचं असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, म्हणून हा विचार पहिल्याच वर्षी करायचा असतो, तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यात नव्हे.

विषयांचेही थर आहेत: मेजर म्हणजे मुख्य, मायनर म्हणजे जोडीचा, ओपन इलेक्टिव्ह म्हणजे आपल्या शाखेबाहेरचा निवडीचा, शिवाय कौशल्याचे, भाषेचे. पदवीवर जो विषय येतो तो मेजर. बाकीचे घेताना मुलं "सोपा कुठला?" एवढंच विचारतात. तसं करू नका. अर्थशास्त्र मेजर असेल तर मायनर असं घ्या की मुलाखतीत त्यावर चार वाक्यं बोलता येतील.

मध्येच सोडावं लागलं तर? बाप आजारी पडतो, बागेत माणूस नसतो, होतं असं. पूर्वी दोन वर्षं करून सोडलं की हातात काहीच नसायचं. आता नियमात सोय आहे: पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. मात्र त्यासाठी सुट्टीत चार क्रेडिटांचा कौशल्याचा अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते, ती विसरली तर हात रिकामेच. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करायची असते. ही क्रेडिट अकॅडमिक बँकेत, म्हणजे क्रेडिट साठवायच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, तुमच्या अपार आयडीखाली (विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) जमा होतात. महिन्यातून एकदा बँकेचं पासबुक बघता तसं सत्र संपलं की हे खातंही उघडून बघा. जमा न झालेली क्रेडिट त्याच वर्षी ओरडून करून घेता येतात. तीन वर्षांनी ओरडलात तर तेव्हाचा कारकून बदललेला असतो.

आणि केटी, म्हणजे नापास होऊन मागे राहिलेला विषय. एका पोराची गोष्ट सांगतो, नाव नाही सांगत. शेवटच्या सत्रात झकास गुण, बँकेची लेखी परीक्षा पास, घरी सत्यनारायण ठरला. दुसऱ्या सत्राचा एक विषय राहिलेला. त्याच्या डोक्यात असं की तिसरं वर्ष पास म्हणजे पदवी मिळाली. जाहिरातीत ज्या तारखेपर्यंत पदवी हवी होती त्या तारखेला तो पदवीधर नव्हता. पेपर त्याने नंतर सोडवला, पहिल्या फटक्यात. नोकरी गेली ती गेलीच. सहाही सत्रं पूर्ण पास झाल्याशिवाय पदवी नाही, आणि जाहिरातीतल्या तारखेशी जुळवायची ती निकाल लागल्याची तारीख, परीक्षा दिल्याची नव्हे.

कोकणात केटी लागायचे दोन मोसम आहेत. पहिला गणपतीचा. पाच दिवसांचा गणपती पंधरा दिवस चालतो, मुंबईकर येतात, भजनं, बाल्या नाच, आणि अंतर्गत चाचणी नेमकी त्यानंतर. 75 टक्के हजेरीचा नियम इथेच मोडतो. दुसरा मोसम आंब्याचा. उन्हाळी परीक्षा आणि हापूसची तोड एकाच वेळी येते. बागवाल्या घरच्या मुलांनी जानेवारीतच बापाशी बोलून घ्यावं की परीक्षेचे दिवस पेट्या भरायला मी नाही. बाप ऐकतो. मी स्वतः तीन बापांना फोन केलेत, तिन्ही ऐकले.

पाचवी पायरी: कागदावर जे येत नाही

तो कागद परत बघा. पोराला हिशेब जमतो का, पत्र लिहिता येतं का, चार माणसांपुढे उभं राहून बोलता येतं का, यातलं काहीही त्यावर नाही. नोकरी देणारा मात्र नेमकं हेच बघतो. कागद दाखवून तुम्ही दारातून आत जाता, आत खुर्ची मिळते ती याच्यावर.

यासाठी मुंबईला जायची गरज नाही. नव्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेतच, ती कागदी उरकू नका. कॉमर्सवाल्याने एखाद्या आंबा किंवा काजू व्यापाऱ्याकडे बसून हंगामाची बिलं आणि जीएसटीचे फॉर्म भरायला शिकावं. इतिहासवाल्याने राजापूर-रत्नागिरीच्या सड्यावरच्या कातळशिल्पांवर काम करावं. 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली, पण आपल्याकडच्या अर्ध्या मुलांनी ती अजून पाहिलेलीही नाहीत. वनस्पतीशास्त्रवाल्याला देवराई पुष्कळ आहे. आणि अहवाल स्वतः लिहा. झेरॉक्सच्या दुकानात मागच्या वर्षीचा अहवाल पन्नास रुपयांत मिळतो हे शिक्षकांनाही माहीत असतं.

खर्चाबद्दल थोडक्यात

साध्या पदवीची फी फार नसते, खरा खर्च जाण्यायेण्याचा. एसटीचा विद्यार्थी पास काढा, त्यात 66.67 टक्के सवलत आहे. मुलींचा मोफत पास बारावीपर्यंतच असतो, तो पुढेही चालतो असं समजून जुलैत कंडक्टरशी भांडू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज राज्य सरकारच्या महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचा. व्यावसायिक पदव्यांसाठी 2024-25 पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी गटांतल्या, 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींची शिक्षण आणि परीक्षा फी माफ आहे. उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. जूनमध्ये तहसीलला जी गर्दी होते ती मी वर्णन करत नाही.

रोज पंचवीस-तीस किलोमीटर जमणारच नसेल किंवा कामाला लागावंच लागत असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे, मुंबई विद्यापीठाचंही दूरशिक्षण आहे. आयोगाची मान्यता असलेल्या अशा पदव्या नेहमीच्या पदवीच्या बरोबरीच्या धरल्या जातात. लोक नाकं मुरडतात, मुरडू देत. फक्त घरी बसून अभ्यास करायला जो निश्चय लागतो तो स्वतःत आहे का, हे प्रामाणिकपणे तपासा.

शेवटची पायरी: कागद हातात आल्यावर

नाव आधी तपासा. बारावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि पदवीवर नाव अक्षरशः एकच हवं. आमच्याकडे आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर इकडेतिकडे होणं नेहमीचं. पहिल्या वर्षी ते दुरुस्त करायला एक अर्ज पुरतो, पदवी छापून झाल्यावर सहा खेटे पडतात. पदवी दीक्षान्त समारंभानंतर येते, तोवर तात्पुरतं प्रमाणपत्र आणि सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका यांवर काम चालतं. म्हणून गुणपत्रिका कॉलेजात पडून राहू देऊ नका. माझ्या कपाटात दहा-दहा वर्षांपूर्वीच्या, कोणी न नेलेल्या होत्या.

पदवीचा आणखी एक अर्थ आहे, तो फारच थोड्यांना ठाऊक असतो. तिच्यावर एक जादा मत मिळतं. विधान परिषदेच्या साधारण बाराव्या हिश्श्याच्या जागा पदवीधर निवडतात, आपला तो कोकण पदवीधर मतदारसंघ. पदवी मिळून तीन वर्षं झाली की नमुना 18 भरून नाव नोंदवता येतं. दर निवडणुकीला यादी नव्याने होते, म्हणून मागच्या वेळी नाव होतं तरी परत भरायचं. नोंदवलं नाही म्हणून मतदानाच्या दिवशी हात हलवत परतलेले प्राध्यापक मी पाहिले आहेत.

आता जपणूक. पदवीला लॅमिनेशन करू नका. पुढे परदेशात जायचं झालं, कागद साक्षांकित करून घ्यायचा झाला, तर त्यावर शिक्का बसत नाही, आणि लॅमिनेशन सोलताना कागद जातो. डिजिलॉकरमध्ये प्रत ठेवा, चार झेरॉक्स काढा. मूळ कागद सपाट, प्लास्टिकच्या जाड फोल्डरमध्ये, लोखंडी ट्रंकेत कापडांच्या वरच्या थरात. माळ्यावर नको, तिथे कौलातून गळतं. भिंतीवर फ्रेमही नको, आपल्या भिंतींना जुलैत घाम फुटतो आणि काचेच्या आत बुरशी धरते. फोल्डरमध्ये डांबरगोळी न टाकता सुका कडुलिंबाचा पाला ट्रंकेच्या तळाशी ठेवा, आणि दर दिवाळीला एकदा कागद काढून सावलीत वारा द्या.